मुराळ्यांची गाडी

माझ्या आजीचं सासर बार्शी आणि माहेर पंढरपूर. आज गाडी काढली तर दोन तासांत पोचून चहा पिता येईल एवढंच अंतर. पण आजीच्या काळी सासुरवाशीण आपल्या मनाने उठून माहेरी जात नसे. मूळ यावं लागे. पंचमीच्या चार दिवस आधी तिचा थोरला भाऊ मुराळी म्हणून तिला न्यायला यायचा, आणि यायचा तो बार्शी लाइटने, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या रेल्वेने. खांद्यावर पिशवी, पिशवीत चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याची पुडी. गाडीची शिट्टी वाड्यापर्यंत ऐकू येई. शिट्टी ऐकली की आजी कुणाला काही बोलायची नाही, कालवणात तांब्याभर पाणी वाढवायची आणि पिठाचा डबा पुढे ओढायची.

एका वर्षी भीमेला पूर आला आणि मूळ आलंच नाही. त्या पंचमीला आजी झोक्यावर बसली नाही. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती, आणि तरी सांगताना तिने पदराचं टोक बोटाला गच्च गुंडाळून घेतलं होतं.

२०२२ च्या नोव्हेंबरात मी बिहारमधल्या जयनगरला गेले ते काही हे मनात घेऊन नव्हे. माझा मावसभाऊ कोकण रेल्वेत तंत्रज्ञ आहे. रत्नागिरीत आयुष्य गेलेला हा माणूस त्या वर्षी अचानक नेपाळच्या हद्दीवर जाऊन राहिला होता. मावशीला वाटायचं की तो हिमालयात बर्फात काम करतोय, स्वेटर पाठवू का म्हणून ती रोज विचारायची. मी तिला सांगितलं, तिकडे अगदी सपाट रान आहे, भात पिकतं, आंबे लागतात. तिचा विश्वास बसला नाही. मग म्हटलं, मीच बघून येते.

कोकण रेल्वे नेपाळात कशी पोचली, हे मला तरी ठाऊक नव्हतं. जयनगर हे मधुबनी जिल्ह्यातलं, भारताच्या अगदी कडेचं गाव. तिथून नेपाळमधल्या जनकपूरला जाणारी आणि त्या वेळी त्याच्या थोडं पुढे कुर्थाला थांबणारी एक रेल्वे आहे. लांबी तेव्हा जेमतेम ३५ किलोमीटर. त्यातले तीनेक किलोमीटर आपल्याकडे, बाकीचे सगळे नेपाळात. मार्ग भारताच्या मदतीने इरकॉन या भारत सरकारच्या कंपनीने बांधला. रूळ झाले, स्टेशनं झाली, पण नेपाळकडे त्यावर चालवायला गाडी नव्हती आणि ब्रॉडगेज गाडी चालवणारी माणसंही नव्हती. २०१९ च्या मे महिन्यात कोकण रेल्वेशी करार झाला. चेन्नईच्या कारखान्यात बनलेल्या, पाच पाच डब्यांच्या, १६०० अश्वशक्तीच्या, डिझेलवर चालणाऱ्या दोन डेमू गाड्या कोकण रेल्वेने नेपाळला पुरवल्या. मागोमाग सुरुवातीच्या काळासाठी चालक, गार्ड आणि देखभालीचे लोकही गेले. त्यातला एक आमचा दादा.

मुंबईहून जयनगरला थेट गाडी आहे, लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी पवन एक्सप्रेस. दीड दिवसाचा प्रवास. कल्याणला चढले तेव्हा डब्यात हिंदी ऐकू येत होती, समस्तीपूर गेलं आणि सगळा डबा मैथिली बोलायला लागला. चेहरेही बदलल्यासारखे वाटले. भिवंडी-नालासोपाऱ्यात मान खाली घालून वावरणारी ही पोरं आता मोठमोठ्याने हसत होती, एकमेकांच्या गावांची नावं घेत होती. आपल्या शहरात आपण ज्यांना एकाच नावाने हाक मारतो त्यांची भाषा किती गोड आहे, हे मला दरभंग्याजवळ कळलं. उशीरच झाला म्हणायचा.

दादा स्टेशनावर आला होता. दीड दिवसानंतर कानावर पहिलं वाक्य पडलं ते, "आलीस? जेवलीस काय?" मला भरून आलं. जयनगरच्या भारतीय स्टेशनाला लागूनच नेपाळी गाडीचं स्टेशन आहे. उभं भारताच्या जमिनीवर, पण चालतं नेपाळ रेल्वेचं. कोकणच्या लोकांनी तिथल्या शेडमागे ओव्याचं एक रोपटं लावलं होतं, ते दादाने मला आधी दाखवलं आणि गाडी नंतर.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण ही रेल्वे काल-परवाची नाही.

१९३७ साली, नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान जुद्ध शमशेर राणांच्या कारकिर्दीत, या भागात पहिल्यांदा रूळ पडले ते लाकडासाठी. महोत्तरीच्या जंगलातलं लाकूड तोडून भारतात विकायचं होतं आणि बैलगाड्या पुरत नव्हत्या. त्याआधी दहा वर्षं, १९२७ मध्ये, नेपाळने रक्सौल ते अमलेखगंज अशी एक रेल्वे केली होती. ती १९६५ च्या सुमारास बंद पडली. त्यामुळे पुढे कैक वर्षं संपूर्ण नेपाळ देशात माणसं वाहणारी रेल्वे म्हणजे हीच, जयनगर–जनकपूर. पुढे जनकपूरहून बिजलपुरापर्यंत ती जात असे, एकूण पन्नासेक किलोमीटर. २००१ च्या पुरात पलीकडचा पूल वाहून गेला आणि बिजलपुरा तुटलं. जंगलं त्याआधीच विरळ झाली होती. लाकूड संपलं, पण तोवर गाडीला माणसांची सवय लागली होती आणि माणसांना गाडीची.

आणि ही जुनी गाडी अडीच फुटी होती. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. दादाने हे सांगितलं तेव्हा मी त्याला पुन्हा विचारलं. अडीच फूट म्हणजे आमची बार्शी लाइट! एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हीच रुंदी घालून दाखवली होती. अरुंद रूळ, हलकी चाकं, आणि तरी माल भरपूर ओढता येतो हे त्याला सिद्ध करायचं होतं. मग ती पंढरपूरला गेली, १९०६ मध्ये. लातूरला १९११ मध्ये, मिरजेला १९२७ मध्ये. आषाढीला या इवल्याशा गाडीवर वारकरी मुंग्यांसारखे चढायचे. तिकडे जनकपुरात रामनवमीला आणि विवाहपंचमीला तशीच गर्दी. टपावर माणसं, दारात माणसं, खिडकीच्या गजांना अडकवलेल्या सायकली, दुधाच्या किटल्या. २९ किलोमीटरला तीन तास, कधी त्याहून जास्त. मला ती गर्दी समजायला फोटोंची गरज पडली नाही. आजोबा टपावर बसून पंढरपूरला गेले होते, तो किस्सा घरात दर एकादशीला व्हायचा.

बिहारात या दोन मापांना लोक 'छोटी लाइन' आणि 'बड़ी लाइन' म्हणतात. छोटी लाइन २०१४ साली बंद झाली, बड़ी लाइन करण्यासाठी. लोकांना वाटलं दोनेक वर्षांत होईल. आठ वर्षं गेली. जमिनी मिळण्यात वेळ गेला, बांधकामात गेला, आणि सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे गाड्या येऊनही वेळ गेला. १८ सप्टेंबर २०२० ला दोन्ही डेमू नेपाळात दाखल झाल्या. करोनाचे दिवस होते, तरी बघायला गावंच्या गावं लोटली. आणि मग त्या गाड्या दीड वर्ष उभ्या राहिल्या. रेल्वे चालवायचा कायदा देशात नव्हता, माणसं भरलेली नव्हती. ऊनपावसात रंग जाऊ नये म्हणून त्यांच्यावर ताडपत्र्या टाकल्या. बाजूने जाणारा प्रत्येक जण ती झाकलेली गाडी बघायचा आणि टेंपोत बसायचा.

ती सुटली २ एप्रिल २०२२ ला. मोदी आणि त्या वेळचे नेपाळचे पंतप्रधान शेरबहादूर देउबा या दोघांनी दिल्लीतून हिरवा झेंडा दाखवला, दुसऱ्या दिवसापासून प्रवासी चढायला लागले. झेंडा दाखवला त्या दिवशी आपल्याकडे गुढीपाडवा होता. मी गुढीला नैवेद्य दाखवत होते आणि दादाचा फोटो आला, झेंडूच्या माळा घातलेली गाडी. खाली लिहिलं होतं, 'यंदा आमची गुढी ही.'

त्या आठवड्यात आपल्या वाहिन्यांवर या गाडीची चर्चा झाली ती चीनवरून. तिबेटातून काठमांडूपर्यंत चीन रेल्वे आणणार, त्याला भारताचा शह, वगैरे. असेलही. सरकारं आपापला हिशोब करणारच. पण गाडीत चढल्यावर मला एक गोष्ट लख्ख कळली, की या मोजमापात ती गाडी सापडतच नाही. तिच्यात बसलेल्यांच्या मांडीवर काय आहे, ते बघावं लागतं.

माझ्या समोर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले होते. अंगात स्वेटर, डोक्याला गमछा. मांडीवर मातीचं मडकं, तोंडाला केळीचं पान, त्यावर सुतळी. शेजारी बांबूची टोपली, तिच्यावर लाल कापड शिवलेलं. हो, शिवलेलं, बांधलेलं नव्हे. काठाकाठाने मोठे टाके घातले होते, कुणा बाईने घाईत घातलेले. मी टाक्यांकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"अहाँ कतऽ सँ एलहुँ?" त्यांनी विचारलं. कुठून आलात? मी हिंदीत सांगितलं, महाराष्ट्रातून. मग तेही माझ्यासाठी हिंदीवर आले.

टोपलीत 'भार' होता. मिथिलेत सणावाराला, लग्नाकार्यानंतर, लेकीच्या सासरी माहेराहून जे जातं त्याला भार म्हणतात. दही, केळी, मिठाई, मखाणे, मासे, साडी. पूर्वी खांद्यावर कावड घेऊन तो माणसं वाहून न्यायची. दही आणि मासा ही तिकडची शुभशकुनाची जोडी. 'पग-पग पोखरि माछ मखान' असं ते आपल्या मुलखाचं वर्णन करतात. पावलोपावली तळं, मासे आणि मखाणे. आपण कोजागिरीला दूध आटवतो ना, त्याच पौर्णिमेला तिकडे 'कोजागरा' असतो. नव्या जावयाच्या घरी मुलीच्या माहेराहून पोत्याने मखाणे येतात, आणि ते पानसुपारीसोबत गावभर वाटतात. हे मला काकांनी सांगितलं. मी त्यांना मनातल्या मनात काका म्हणायला लागले होते, थोड्या वेळाने तोंडावरही म्हटलं.

बहीण जनकपूरला दिलेली. घरात दोघंच भावंडं. पन्नासेक वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा काका दहा वर्षांचे होते. वऱ्हाड टपावर, नवरी डब्यात. "छोटी लाइन इतकी हळू जायची," ते म्हणाले, "की मी तिच्या खिडकीला धरून गुमटीपर्यंत धावलो." गुमटी म्हणजे फाटक. तिथे आईने त्यांना उचलून मागे घेतलं. त्यानंतर बहिणीकडे भार न्यायचं काम वडिलांकडून त्यांच्याकडे आलं. छठ झाली की, श्रावणात, विवाहपंचमीच्या जत्रेला. म्हणजे काका मुराळीच. मी त्यांना आमचा शब्द सांगितला. त्यांनी दोनदा म्हणून बघितला, "मुराली, मुराली," आणि मान हलवली.

मग मी डब्यात नजर फिरवली. पलीकडच्या बाकावर दोन भाऊ, मध्ये पुतणी, पायाशी पिशव्यांचा ढीग. दारापाशी एक तरुण पोरगा उंच धरलेली माशांची पिशवी सांभाळत, पाणी कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून अवघडून उभा. एक आजीबाई, सोबत नातू. 'बेटी-रोटी का रिश्ता' हे शब्द दोन्ही देशांचे पुढारी भाषणात इतक्यांदा वापरतात की त्यांची चव गेलीय. पण डब्यात तीच रोटी डब्याडब्यांतून भरलेली होती आणि तीच बेटी पलीकडे वाट बघत होती. १८१६ साली सुगौलीचा तह झाला, इंग्रजांनी आणि गोरख्यांनी रेघ ओढली, आणि मिथिला दोन्हीकडे वाटली गेली. सोयरिकींना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीही रेघ विचारात घेतली नाही.

इनर्वा आलं. नेपाळातलं पहिलं स्टेशन. माझा फोन थरथरला आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे गेलं. मिनिटभराने परत मागे आलं. भारताचा टॉवर आणि नेपाळचा टॉवर त्याला आपापल्याकडे ओढत होते. नेपाळची वेळ गौरीशंकर शिखरावरून धरतात, आपल्यापेक्षा पाव तास पुढे. काकांच्या मनगटावर चावीचं घड्याळ होतं. ते काही हललं नाही.

इथे सामान तपासलं जातं. जयनगरला एकदा ओळखपत्र दाखवून झालेलंच होतं. या गाडीत भारतीय आणि नेपाळी नागरिकांनाच बसता येतं, आणि कागद लागतो. जवळच्याच रस्त्याने पायी किंवा सायकलवर हद्द ओलांडली तर कित्येकदा कुणी नावही विचारत नाही, कारण १९५० च्या करारापासून ही सीमा खुली आहे. छोट्या लाइनच्या काळी गाडीतही फारसं कुणी विचारत नसे, असं काका म्हणाले. रूळ रुंद झाले तसा कागद आला. सुरक्षेचं कारण मला कळतं. तरी वाटतं की ज्या गाडीने ही रेघ पुसट करायची, तिनेच ती थोडी गडद केली, आणि हे त्या गाडीच्या माणसांना सोसावं लागू नये.

गणवेशातला पोरगा काकांपाशी थांबला. मडक्यावरची सुतळी त्याने सोडली, केळीचं पान वर केलं. आत दही लागलेलं होतं, वर साय धरलेली, पिवळसर. त्याने वाकून वास घेतला.

"बहिन ओतऽ जाइ छी," काका म्हणाले. बहिणीकडे चाललोय.

पोरगा काही बोलला नाही. पान परत ठेवलं, कडा मडक्याच्या गळ्यावर नीट दाबल्या, आणि सुतळी स्वतःच बांधून दिली. दोन फेरे घेऊन, वर फास. टोपलीचे टाके त्याने उसवले नाहीत.

पुढे खजुरी, महिनाथपूर, वैदेही, परबाहा. वैदेही नावाचं स्टेशन! खजुरीला जुन्या लाइनचा कारखाना होता. काका सांगत होते, आठ वर्षं गाडी नव्हती तेव्हा जयनगरहून टेंपो, हद्दीवर उतरून चालत, पलीकडे दुसरा टेंपो, मग बस. दह्याचं मडकं घेऊन तो रस्ता होत नाही. "आठ वर्षांत तीनदा गेलो. त्यात करोनात सीमाच बंद. बहिणीला दम्याचा त्रास. फोनवर ती म्हणायची, दही नको, तू ये." बाहेर भात कापून झालं होतं, खाचरांत गवताच्या गंज्या उभ्या होत्या, बांबूच्या बेटांआड तळी दिसत होती. तासाभरात जनकपूर आलं.

फलाटावर ती उभी होती. काकांच्या वर्णनातली नवरी माझ्या डोळ्यांपुढे होती म्हणून असेल, पण मी पांढऱ्या केसांची बाई शोधत नव्हते. काका टोपली खाली ठेवून वाकले, बहिणीच्या पायाला हात लावला. ती बोलत सुटली. मला सगळं कळलं नाही, 'दुब्बर' एवढा शब्द कळला. दुबळा झालास. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न, "नैहर कतऽ?" माहेर कुठलं? मी म्हटलं, बार्शी. "आ सासुर?" पुणे. तिने दोन्ही नावं ऐकून ठेवली, जणू तिला तिथे जायचंच होतं.

जनकपुरात मी पाच दिवस राहिले. जानकी मंदिर पांढरंशुभ्र, कमानी-घुमटांचं, बघताना मंदिरापेक्षा राजवाडा वाटतं. ते १९१० च्या सुमारास टिकमगडच्या राणी वृषभानू कुंवरीने बांधलं. नऊ लाख खर्च झाले म्हणून नौलखा. कुठे बुंदेलखंड, कुठे जनकपूर! विवाहपंचमीला, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, राम-सीतेचं लग्न लागतं. मिरवणूक निघते, गावच्या गाव नवरीकडचं होतं. रामाला जावई म्हणून चिडवायची गाणी बाया म्हणतात. पण त्या तिथीला मिथिलेतलं कुणी आपल्या मुलीचं लग्न लावत नाही. सीतेला त्या लग्नात सुख लागलं नाही म्हणून. आणि जुनी माणसं पश्चिमेकडे, अयोध्येच्या दिशेला, मुलगीही देत नाहीत.

माझी आजी जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणायची. लहानपणी तिच्या पायाशी बसून मी पीठ सारत असे. एकदा मध्येच जातं थांबवून ती म्हणाली होती, "रामानं टाकली ते टाकली. पण जनकानं मुराळी का नाही धाडला गं?" मला उत्तर नव्हतं. तिलाही नको होतं, तिने पुन्हा खुंटा धरला. चाळीस वर्षांनी जनकाच्याच गावात, मंदिराच्या ओट्यावर बसून, मी तो प्रश्न काकांच्या बहिणीला विचारला. मोडक्यातोडक्या हिंदीत. ती बराच वेळ समोरच्या दिव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा खबर कोण आणणार?" आणि थोड्या वेळाने, "रस्ता फार लांबचा होता."

तिच्या नागरिकत्वाच्या कागदावर 'अंगीकृत' असा शब्द आहे. लग्न होऊन नेपाळात आलेल्या बाईला तिथलं नागरिकत्व मिळतं, पण ते वंशाने आलेल्या नागरिकत्वापेक्षा वेगळ्या प्रकारचं. २०१५ च्या राज्यघटनेप्रमाणे अशा नागरिकाला देशाची सर्वोच्च पदं घेता येत नाहीत. तिला राष्ट्रपती व्हायचं नाही, हे खरं. पण तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या या सपाट पट्ट्यातल्या, घराघरांत अशी एकेक सून आहे, आणि ज्या घरात पन्नास वर्षं चूल पेटवली तिथेही कागद आपल्याला बाहेरची म्हणतो, हे तिच्या मनातून गेलेलं नाही. तिने तो कागद मला पिशवीतून काढून दाखवला, प्लास्टिकच्या दोन वेष्टनांतला.

दादाची ड्यूटी पहाटेची असे. एकदा त्याच्यासोबत शेडमध्ये गेले. इंजिनाखाली झोपून तो नेपाळी पोरांना काहीतरी दाखवत होता, मराठी-हिंदी-नेपाळीची सरमिसळ करून. "पाना" हा शब्द त्या पोरांनी आता मराठी सुरात उचलला होता. मी विचारलं, करमतं का इथे? तो म्हणाला, "गणपतीला आपल्याकडे चाकरमानी येतात ना, गाडी लागली की फलाटावर कसं वातावरण असतं? इथे रोज तसं आहे. मग न करमायला काय झालं." पुढल्या वर्षी, २०२३ च्या जुलैत, गाडी बिजलपुरापर्यंत गेली, बावीस वर्षांनी. तेव्हाही त्याचा फोटो आला. त्यापुढे महेंद्र राजमार्गावरच्या बर्दिबासपर्यंत न्यायची आहे, म्हणजे मग जयनगरपासून सगळी मिळून साधारण ६९ किलोमीटर होईल. जमिनीचं अजून अडलेलं आहे.

परतीच्या दिवशी जनकपूरच्या फलाटावर पाहते तर काका, आणि सोबत बहीण. नवी कोरी पिवळी साडी, भारातून आलेली. आता ती माहेरी चालली होती, आठ दिवसांसाठी. सून म्हणत होती थंडीत नका जाऊ, दमा वाढेल. तिने ऐकलं नव्हतं. तीच टोपली होती, तेच लाल कापड, फक्त टाके नवे, बारीक आणि सारखे. मडक्यातही काहीतरी होतं, तिकडेही भांडं रिकामं परत पाठवत नाहीत.

गाडी सुटली. तिने खिडकी धरली. सारखे प्रश्न चालले होते, आणि प्रश्न सगळे झाडांचे. पेरू आहे का अजून? तळ्याकाठचा आंबा? काका एकेकाला हो किंवा नाही म्हणत होते. वैदेही गेलं, महिनाथपूर गेलं. खजुरीनंतर ती गप्प झाली. काकांनी टोपलीच्या कोपऱ्यातला एक टाका उसवला, आत हात घालून ठेकुआ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. गव्हाच्या पिठाचा, गुळाचा, तळून घट्ट झालेला. वर साच्याची पानाची नक्षी. मी अर्धा मोडून त्यांना द्यायला लागले तर ते म्हणाले, "आमच्याकडे पुष्कळ आहेत, बहीण सोबत आहे ना."

जयनगरला तिने तो दुहेरी प्लास्टिकमधला कागद काढला. शिपायाने पाहिला, तिच्याकडे पाहिलं, परत दिला. कुठे जाणार, त्याने विचारलं. तिने स्वतःच्या गावाचं नाव सांगितलं, आणि ते इतक्या जोरात सांगितलं की मागच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

माझा फोन पुन्हा पंधरा मिनिटं मागे आला. काकांनी तिला हात द्यायला पुढे केला. तिने तो घेतला नाही. दम्याची बाई, पदर कमरेला खोचून, फलाट ओलांडून भराभरा चालायला लागली. भाऊ टोपली-मडकं सावरत मागे, आणि त्यांच्या मागे मी.